बरा झालेला रोगी कोणाचा?

इस्पितळातील मुलांच्या वॉर्डात एक दिवस पेढ्यांचा पुडा उघडतो. दोन-अडीच वर्षे चाललेले कर्करोगाचे उपचार संपलेले असतात. आई पेढे वाटते, सिस्टर मुलाच्या पुन्हा उगवलेल्या केसांवरून हात फिरवते, डॉक्टर म्हणतात, “आता तीन महिन्यांनी या.” वडील फाईल पिशवीत घालतात आणि मंडळी स्टेशनची वाट धरतात. सगळे आनंदात असतात. पण गाडीत बसल्यावर आईच्या मनात शंका डोकावते – आज रात्री याला कणकण आली, तर विचारायचे कोणाला?

शंका क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाही. आजारी होते तोवर मूल वॉर्डाचे होते. बरे झालेले मूल कोणाचे, हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही उशिराच सुचला.

त्यात नवल नाही. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नव्या औषधाने त्यांतील १० जणांची प्रकृती सुधारली, तीही काही काळच. त्या जातीच्या औषधांच्या शोधात आपल्याकडून अमेरिकेस गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. मूल चार महिने अधिक जगले तरी मोठी गोष्ट, अशा त्या काळात ते पंचविशीला पोचल्यावर काय होईल याचा विचार कोण करणार? आज सधन देशांत अशी पाच मुले असली, तर चारांहून अधिक बरी होतात. म्हणूनच १९७५ साली किरणोपचारतज्ज्ञ डॉ. ज्युलिओ डॅन्जिओ यांनी आपल्या व्यवसायबंधूंना बजावले, की नुसते बरे करणे पुरेसे नाही.

का पुरेसे नाही? २००६ साली अमेरिका व कॅनडातील एका पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या १०,३९७ प्रौढांपैकी शेकडा ६२ जणांना कोणता ना कोणता जुनाट विकार जडलेला आढळला. जे औषध रोगाच्या पेशी मारते, ते शरीरावरही आपली खूण ठेवून जाते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूला दुबळे करू शकते. त्याची एकूण मात्रा जितकी अधिक, तितका धोका अधिक. म्हणून ज्यांना ते बरेच दिले गेले, त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी ठराविक वर्षांनी करावी लागते. सिस्प्लॅटिनमुळे वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. अशा मुलाला गुरुजींचा आवाज येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात, आणि वर्गात पोर उगीचच ‘लक्ष नसलेले’ ठरते. लहानपणी छातीवर किरण घेतलेल्या मुलीची स्तनतपासणी इतर स्त्रियांहून पुष्कळच आधी, पंचविशीच्या सुमारास सुरू व्हावी लागते.

हे सारे घाबरवण्यासाठी सांगत नाही. हृदयाचा दुबळेपणा वेळेवर कळला, तर त्यावर औषध आहे. ऐकू कमी येते हे कळले, तर श्रवणयंत्र आहे. अडचण आहे ती कळण्याची, आणि इथेच परिचारिका पुढे येते.

अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड इस्पितळाने १९८४ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक उघडले. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियल इस्पितळातही असे क्लिनिक १९९१ सालापासून आहे. कोणाची कोणती तपासणी केव्हा करावी, याची सविस्तर नियमावली अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाली. ती तयार करण्यात डॉक्टरांच्या बरोबरीने वेंडी लँडियर या परिचारिकेचा पुढाकार होता, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

या विषयात तयार झालेली परिचारिका करते काय? पहिले काम कागदाचे. जाडजूड फाईलमधून ती एक गोषवारा काढते – रोग कोणता, औषधे कोणती व एकूण किती, किरण कुठे व किती, शस्त्रक्रिया कोणती, आणि पुढे काय तपासायचे. दुसरे काम बोलण्याचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची आई त्याच्यासाठी सारी उत्तरे देत असते; सिस्टर आईला गोड बोलून दहा मिनिटे बाहेर बसवते. मग मुलाच्या तोंडून खरे प्रश्न निघतात. माझे लग्न होईल का? मला मूल होईल का? दुखणे पुन्हा उलटेल का? मित्र सिगारेट पुढे करतात, घेतली तर काय होते? डॉक्टरांच्या घाईच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न कधीच बाहेर पडत नाहीत.

तिसरे काम सर्वांत अवघड. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलाला रोगाचे नावच सांगत नाहीत. “तुला ताप येत होता” एवढ्यावर भागवतात. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते. हेतू मायेचा असतो. पण तीच मुलगी पुढे बाळंतपणासाठी अनोळखी इस्पितळात जाते, तेव्हा तिच्या हृदयाची आधी तपासणी व्हायला हवी हे तिथल्या डॉक्टरांना कोण सांगणार? तिला स्वतःलाच ठाऊक नसते. म्हणून जाणती सिस्टर आईबापांची समजूत घालते, आणि मुलाला त्याची हकीगत त्याच्याच तोंडाने सांगायला शिकवते. कारण आईबाप जन्माला पुरत नाहीत आणि मुलांचा वॉर्डही एका वयानंतर दार लावून घेतो.

अशा परिचारिका आपल्याकडे गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत, आणि गाव इस्पितळापासून रात्रभराच्या प्रवासावर असते. तेव्हा काही गोष्टी घरच्यांनीच कराव्यात. उपचार संपताना तो एक पानाचा गोषवारा मागून घ्यावा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक गावच्या डॉक्टरांना द्यावी. मूल जाणते होताच दुसरी त्याच्या हाती ठेवावी आणि ती त्याच्याकडून वाचून घ्यावी.

बरा झालेला रोगी अखेर स्वतःचाच असतो. पण तसा तो व्हावा यासाठी काही वर्षे कोणीतरी त्याचा हात धरावा लागतो. वॉर्डात पेढे जरूर वाटा, फक्त निघण्यापूर्वी सिस्टरला एवढे विचारून घ्या – “आता आम्ही कोणाकडे यायचे?”