कुणी सांगायची वाट पाहू नका

आम्ही असोद्याहून बोलतोय. बचत गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो, "ताई, काही नवं करावंसं वाटतं, पण सुरुवातच होत नाही." ऑर्डरचे पापड, बिबडे वेळेवर होतात, कारण समोरचा मागत असतो. पण स्वतःच्या मनातली गोधडी, गाणं, नवं नक्षीकाम कुणीच मागत नाही. मग ते मनातच राहतं. आज त्याबद्दलच बोलू.

याचं उत्तर आपल्याच गावात आहे. बहिणाबाई चौधरी 1880 साली नागपंचमीला असोद्यात महाजनांच्या घरी जन्मल्या. लग्न होऊन जळगावला गेल्या. तिशीतच वैधव्य आलं. पदरी मुलं, शेती आणि घरचा सगळा कामाचा रगाडा. लिहिता-वाचता येत नव्हतं. 'गाणी रच' असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि गाण्यांचे पैसेही मिळणार नव्हते. तरी त्या रचत राहिल्या.

हे कसं जमलं, ते नीट पाहू. त्यांनी गाण्यासाठी वेगळा वेळ शोधला नाही. घरोटावर दळताना, चुलीपुढे, शेतात हात चालू असताना त्यांना गाणं सुचायचं. विषयही लांबून आणले नाहीत. पेरणी, मळणी, आखाजी, माहेर, सुगरणीचा खोपा, जे रोज डोळ्यांपुढे होतं तेच गाण्यात आलं. बोलीही घरचीच, लेवा गणबोली. म्हणजे आधी हुरूप आला आणि मग काम झालं असं नाही. काम करता करता हुरूप येत गेला.

पण एवढ्यावर गोष्ट पुरी होत नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी काही गाणी ऐकून कागदावर उतरवली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, अत्र्यांनी ती छापायचा आग्रह धरला आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जी गाणी कुणी उतरवली नाहीत, ती मात्र त्यांच्याबरोबरच गेली.

गावोगावी हेच होतं. म्हातारी गेली की तिच्या ओव्याही जातात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवीन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. त्या रचणाऱ्या आपल्यासारख्याच बाया होत्या.

मग आपण काय करायचं?

पहिलं, नवं काम रोजच्या एखाद्या कामाला जोडा. दुपारी भांडी झाली की दहा मिनिटं सुई-दोरा, असं ठरवा. 'सवड मिळाली की करू' म्हटलं की ती सवड कधी येत नाही.

दुसरं, लहान घ्या. अख्खी गोधडी नको, आधी एक चौकोन. दहा ओव्या नकोत, एकच.

तिसरं, जपून ठेवा. मोबाईलवर आवाज भरा, फोटो काढा. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला सांगा. वहीत तारीख आणि करणारीचं नाव लिहाच. नाव नसलं की काम कुणाचंही होतं.

चौथं, शेवटची तारीख ठरवा. आखाजीला लेकी माहेरी येतात. तोवर एक वस्तू पुरी करून त्यांना दाखवायची.

पाचवं, ऑर्डरचं काम आणि मनाचं काम वेगळं ठेवा. मनाच्या कामाला पहिल्या दिवशीच 'याचे किती मिळतील?' असं विचारलं तर हात थांबतो. पुढे गिऱ्हाईक मिळालं तर चांगलंच.

गटाचंही एक काम आहे. मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं राखून ठेवा. एकीने काहीतरी दाखवायचं. बाकीच्यांनी नुसतं 'छान' म्हणायचं नाही. हा रंग का घेतला, ही ओवी कशावरून सुचली, हे विचारायचं. अशा विचारण्यानेच पुढचं काम सुचतं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीला एक कोरी वही घेऊन या. पहिल्या पानावर गटातल्या सगळ्यात वयस्क बाईची एक ओवी उतरवा आणि खाली तिचं नाव लिहा. दुसरं पान तुमचं.