दगडी टोक ओळखताना

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सापडणारं प्रत्येक दगडी टोक बाणाचं नसतं. धनुष्य तिथे साधारण 1,500 वर्षांपूर्वी रुजलं. त्याआधीची मोठी, जाड टोकं भाल्यांची. ओळखताना अणीपेक्षा बूड आधी पाहावं. वारंवार धार काढल्याने पात्याचा आकार पार बदलतो, पण दांड्याला बांधलेलं बूड सहसा तसंच राहतं. बुडापासून वर मधोमध पन्हळ गेली असेल, तर टोक क्लोव्हिस किंवा फॉल्सम पद्धतीचं, म्हणजे सुमारे 12 हजार वर्षांपूर्वीचं किंवा त्याहून जुनं. बाजूच्या खाचा बहुधा नंतरच्या. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच असेल, तर क्ष-किरण तपासणीत तिचं उगमस्थान कळतं. यलोस्टोनमधल्या ऑब्सिडियन क्लिफची काच थेट ओहायोतल्या प्राचीन टेकाडांत ओळखली गेली, हे विलक्षणच! टोक दिसलं तर उचलू नका. जागेवरच फोटो काढून पुरातत्त्वज्ञांना कळवा.