गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आपला माल नीट दिसतो का?

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून या सेवेचा आरंभ केला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे मोबाईल ही बड्या लोकांची चीज होती. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि पाहता पाहता मोबाईल शेतकरी, मजूर, हमाल, शिंपी अशा सर्वांच्या हातात आला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी आणि कारागीर बांधवांनीही मोबाईल आपलासा केला आहे. खामगावची चांदीची भांडी असोत, मलकापूरचे फर्निचर असो की चिखली-मेहकरच्या गाद्या-रजया, भावपत्रक आणि मालाचे फोटो आता व्हॉट्सअॅपवर जातात. परंतु माल पाठविला म्हणजे तो गिऱ्हाइकाला दिसला, असे नाही. अक्षर वाचता येत नाही, फोटो उघडत नाही, भाव सापडत नाही, अशा वेळी गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. तो मुकाट्याने दुसऱ्या दुकानदाराचा फोटो उघडतो. दुकानात आलेले गिऱ्हाईक परत गेले तर निदान दिसते. मोबाईलवरून परत गेलेले दिसतही नाही. म्हणून हा विषय आम्ही आज सविस्तर मांडीत आहोत. यातील बहुतेक दुरुस्त्यांना एक पैसाही खर्च नाही.

कागद मोठा, पडदा लहान

आपल्याकडे रीत अशी की, भावपत्रक छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे ए-फोर आकाराच्या कागदावर तयार करावयाचे आणि तेच पीडीएफ करून सर्वांना पाठवावयाचे. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर असते. आजच्या सर्वसाधारण मोबाईलच्या पडद्याची रुंदी ६८ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे तो कागद पडद्यावर एक तृतीयांशाहूनही लहान होऊन बसतो. कागदावर जे अक्षर १२ पॉइंटचे होते ते मोबाईलवर ४ पॉइंटचेही राहत नाही. वर्तमानपत्राचा मजकूर साधारण ९ ते १० पॉइंटमध्ये असतो हे लक्षात घेतले म्हणजे ४ पॉइंटचे अक्षर वाचणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको. गिऱ्हाइकाला दोन बोटांनी कागद मोठा करावा लागतो, मग तो डावीकडे-उजवीकडे सरकवावा लागतो. मालाचे नाव एका टोकाला आणि भाव दुसऱ्या टोकाला असल्याने एका ओळीचा भाव दुसऱ्या ओळीला लागतो आणि पुढे भांडण होते.

उपाय सोपा आहे. डीटीपीवाल्याला ए-फोरऐवजी ९ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच असे पान करावयास सांगा. असे पान मोबाईलवर फारसे लहान होत नाही. १२ पॉइंटचे अक्षर ९ पॉइंटइतके दिसते, म्हणजे वर्तमानपत्राइतके. एका पानावर सहा-सात वस्तूच घ्या. नावाखाली लगेच भाव लिहा, समोर दूरवर नको. पाने वाढली तरी हरकत नाही. अंगठ्याने वर सरकविणे गिऱ्हाइकाला जड जात नाही, आडवे सरकविणे जाते.

फोटोचे वजन

दुसरी अडचण फोटोच्या वजनाची. आजचा साधा मोबाईलही १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. तो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असून त्याचे वजन ३ ते ४ एमबी भरते. ज्या पडद्यावर तो पाहावयाचा, त्याची रुंदी मात्र बहुधा ७२० किंवा १०८० ठिपक्यांचीच असते. म्हणजे पाठविलेल्या वजनातील बराच भाग गिऱ्हाइकाला दिसतच नाही, डेटा मात्र त्याचा जातो.

हिशेब करून पाहू. वीस वस्तूंचे प्रत्येकी ४ एमबीचे फोटो म्हणजे ८० एमबी. रेंज कमी असून वेग २ एमबीपीएस मिळत असेल तर हे सर्व उघडण्यास ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेच फोटो १०८० ठिपके रुंदीचे आणि १५० केबीच्या आत केले तर वीस फोटो मिळून ३ एमबी होतात आणि १२ सेकंदांत उघडतात. पाच मिनिटे थांबणारे गिऱ्हाईक कोठे मिळते? फोटो लहान करण्याची फुकट साधने आता मोबाईलमध्येच मिळतात.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठविलेला फोटो आपोआप हलका होतो, परंतु डॉक्युमेंट म्हणून पाठविलेला तसाच जड राहतो. हलका होताना फोटोतील बारीक अक्षरे पुसट होतात. फोटो पुढे पुढे पाठविला जातो तसतशी ती आणखी पुसट होण्याची भीती असते. म्हणून फोटोत फक्त माल दाखवा आणि भाव, माप, पत्ता हे खाली मजकूर म्हणून लिहा.

आपल्या धंद्यात गर्दीचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा ही काळजी अधिक घ्यावी. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेत लाखो लोक येतात. एकाच टॉवरवर हजारो मोबाईल आले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो. अशा वेळी हलका फोटो उघडेल, जड फोटो फिरतच राहील.

अक्षर खरे हवे, चित्र नको

तिसरी गोष्ट लिपीची. आपल्याकडील डीटीपीचे बरेचसे काम श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये झाले आहे. छपाईसाठी ते उत्तम. पण तो मजकूर उचलून मोबाईलवर टाकला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसतो. उर्दूतही हेच घडते. इनपेजच्या जुन्या आवृत्तीत केलेला मजकूर मोबाईलवर अक्षरे म्हणून उतरत नाही, म्हणून त्याचे चित्र करून पाठविले जाते. चित्रातील अक्षर मोठे होत नाही, शोधले असता सहसा सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. देवनागरी आणि उर्दूची अरबी लिपी, दोन्हींना १९९१ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे आणि आजचे सर्व मोबाईल ते वाचतात. मोबाईलवरील मराठी किंवा उर्दू कीबोर्डने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्येच असतो. म्हणजे आपले भावपत्रक आपण स्वतः मोबाईलवर टाईप केले तरी काम भागते. मराठी आणि उर्दू दोन्ही द्यावयाचे असेल तर एकाच ओळीत मिसळू नये. उर्दू उजवीकडून चालते, मराठी डावीकडून. एका ओळीत आले म्हणजे आकड्यांची जागा बदलून दिसण्याचा धोका असतो. दोन वेगळे परिच्छेद करावेत.

फोन नंबर मात्र चित्रात मुळीच देऊ नये. मजकुरात, इंग्रजी आकड्यांत, पुढे देशाचा ९१ क्रमांक लावून लिहिला म्हणजे गिऱ्हाइकाने त्यावर बोट ठेवताच फोन लागतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्री ट्रक बंद पडलेला ड्रायव्हर गॅरेजचा नंबर चित्रातून पाहून कागदावर उतरवीत बसणार नाही. ज्याचा नंबर एका बोटात लागेल, काम त्यालाच मिळेल. पत्ताही ‘बसस्टँडजवळ’ एवढाच न देता नकाशावरील लोकेशन जोडावे.

बोट आणि डोळा

ज्यांनी दुकानाचे संकेतस्थळ किंवा ऑर्डरचा फॉर्म करून घेतला आहे, त्यांनी बटणांकडे पाहावे. कॉम्प्युटरवर माऊसचे टोक सुईसारखे असते. मोबाईलवर बोट असते. बटण सुमारे ९ मिलिमीटरचे असावे आणि दोन बटणांत अंतर असावे, असा मोबाईल बनविणाऱ्यांचा संकेत आहे. ‘ऑर्डर द्या’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे खेटून असली तर काय होईल ते सांगावयास नको. फॉर्ममध्ये नाव, गाव, नंबर आणि वस्तू एवढेच विचारावे. लहान पडद्यावर दहा रकाने भरणारा गिऱ्हाईक विरळा.

रंगांचेही तसेच. पांढऱ्यावर पिवळे किंवा सोनेरी अक्षर दुकानात बसून छान दिसते. वैशाखाच्या उन्हात बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतच नाही. पांढऱ्यावर काळे अक्षर सर्वांत बरे. चांदीच्या भांड्यांचा फोटो काढताना मात्र मागे गडद कापड ठेवावे, कारण पांढऱ्यावर चांदी हरवते.

संकेतस्थळ असणाऱ्यांसाठी

इथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या रचनेची कल्पना मांडली आणि ती जगभर रूढ झाली. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाईलवर शोध घेणाऱ्यांना मोबाईलवर नीट दिसणारी पाने गूगल वर दाखवू लागला. आता तर गूगल कोणतेही संकेतस्थळ प्रामुख्याने मोबाईलच्या नजरेनेच वाचतो. म्हणजे जी माहिती फक्त कॉम्प्युटरवर दिसते आणि मोबाईलवर गाळली जाते, ती शोधात जवळपास नसल्यासारखीच. काम करून देणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी ते आपल्याच मोबाईलवर उघडून पाहावे.

आणखी एक सूचना. गूगलच्या दुकान-नोंदणीबरोबर फुकट संकेतस्थळ मिळण्याची सोय होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांच्या कार्डावर किंवा पाटीवर तो पत्ता अजून छापलेला आहे त्यांनी तो काढावा. दुकानाची नोंदणी मात्र चालू असून ती फुकटच आहे. व्हॉट्सअॅपचे व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे अॅप २०१८ मध्ये आले आणि त्यात मालाची यादी लावण्याची सोय २०१९ मध्ये झाली. ज्याला संकेतस्थळाचा खर्च परवडत नाही त्याने ही यादी नीट लावली तरी लहान धंद्याचे काम चालते. ती मुळातच मोबाईलच्या पडद्यासाठी बनविलेली आहे.

पहिल्या पडद्यावर काय असावे?

गिऱ्हाइकाला पाच गोष्टी हव्या असतात: काय मिळते, भाव कितीपासून, दुकान कोठे, केव्हा उघडे आणि फोन कोणता. या पाच गोष्टी वर न सरकविता पहिल्याच पडद्यावर दिसल्या पाहिजेत. दुकानाचा इतिहास, शुभेच्छा आणि मालकाचा फोटो त्यानंतर. भावाजवळ तारीख अवश्य घालावी. मोबाईलवरचा कागद वर्षभर फिरत राहतो आणि जुना भाव दाखवून गिऱ्हाईक हुज्जत घालतो. चांदीसारख्या रोज बदलणाऱ्या मालात तर वजन आणि मजुरी लिहावी व भाव त्या दिवसाचा लागेल असे स्पष्ट म्हणावे. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजातील निरोप जोडला तर सोन्याहून पिवळे.

सर्व तयार झाले की परीक्षा घ्यावी. आपल्या भारी मोबाईलवर नव्हे. दुकानातील पोऱ्याचा सर्वांत स्वस्त, काच तडकलेला मोबाईल घ्या, वायफाय बंद करा, उन्हात उभे राहा आणि घरच्या नसलेल्या एखाद्या माणसाला सांगा की यातून अमुक वस्तूचा भाव काढून मला फोन लाव. त्याला अर्ध्या मिनिटात जमले तर आपले काम झाले. तो डोळे बारीक करू लागला किंवा दोन बोटांनी पडदा ताणू लागला, तर जेथे अडला तेथेच दुरुस्ती करावयाची.

लग्नसराईचे दोन-तीन महिने हेच आपल्या अनेक कारागिरांच्या वर्षाच्या कमाईचे दिवस. त्या दिवसांत बाहेरगावची मोठी दुकाने आणि ऑनलाईन कंपन्या याच लहान पडद्यावर आपल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतात. त्यांच्याकडे भांडवल आहे, आपल्याकडे हातातली कला आणि गावातला विश्वास आहे. ती कला गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा अक्षरात आणि उघडेल अशा फोटोत दाखविणे आपल्या हातात आहे. सराई सुरू होण्यापूर्वी आपले भावपत्रक एकदा तपासून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.