पीएच.डी. नेमकी कुठल्या खिडकीत?

"सर, मलिक अंबरच्या नहरीवर पीएच.डी. करायची तर ती सिव्हिलमध्ये होते की हिस्टरीत?"

हा प्रश्न मला फायनल इयर सिव्हिलच्या एका मुलानं विचारला, तोही मेसमध्ये, वरणाच्या रांगेत, हातात ताट धरून. मागचे दोघे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण असाच एक प्रश्न मी माझ्या वेळेला कुणालाच विचारला नव्हता, आणि त्याची किंमत चौदा महिने मोजली होती. ती कथा पुढे येईलच. आधी त्या मुलाचं बघू.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी खापराच्या नळांनी, केवळ उताराच्या जोरावर, आपल्या या शहरात (तेव्हाची खडकी, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) आणलं. आता यातला उतार, दाब, गळती, बेसॉल्टच्या भेगांतून झिरपणारं पाणी हा आपला, म्हणजे सिव्हिलवाल्यांचा प्रांत. पण ती कोणी दुरुस्त करायचं, पाणी कोणाला आधी मिळायचं, खर्च कुठून यायचा, हे शोधायला जुने कागद वाचावे लागणार. म्हणजे फारसी आली, मोडी आली. अर्धा विषय लॅबमध्ये आणि अर्धा दप्तरखान्यात! अशा संशोधनाला हल्ली आंतरविद्याशाखीय म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं, पण फॉर्म भरायला बसलं की पहिला रकाना असतो 'विषय', आणि तिथे एकच नाव लिहायला जागा असते.

मित्रांनो, गोंधळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि चौथी आंतर-विद्याशाखीय अभ्यास. हे चौथं नाव वाचून आपल्याला वाटतं, चला, आपली सोय झाली. पण त्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय येतात. सिव्हिल आणि इतिहास यांची मोट बांधणारा तिथे गेला तर त्याला नम्रपणे दुसऱ्या खिडकीकडे पाठवतील. थोडक्यात, आपल्याकडे तुमचं काम दोन विद्याशाखांत पसरलेलं असलं तरी नोंदणी एकाच विषयात होते. दुसरा विषय येतो तो सह-मार्गदर्शकाच्या रूपानं. त्याला नियमात चोख आधार आहे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे त्याच विभागातला, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलासुद्धा सह-मार्गदर्शक घेता येतो. फक्त सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. ही 'मान्यता' कागदावर लागते, चहाच्या टपरीवर नाही. हे वाक्य मी अनुभवातून लिहितो आहे.

आता प्रवेशाचं. दोन वर्षांची मास्टर्स ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत) ही रूढ वाट. २०२२ च्या विनियमांनी आणखी एक वाट काढली आहे: चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली असेल तर थेट पीएच.डी.ला अर्ज. बी.ई.वाल्यांनी लगेच उड्या मारू नयेत. दार कागदावर उघडं आहे, पण विद्यापीठ ते तुमच्या शाखेसाठी किती उघडतं हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच कळतं. प्रवेश परीक्षा, जिला आपल्याकडे सगळे 'पेट' म्हणतात, तिच्यात विनियमांप्रमाणे अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि अर्धे विषयावर असतात. मार्च २०२४ मध्ये यूजीसीनं नेटचे गुणही प्रवेशासाठी धरायची सोय जाहीर केली. पण नेटमध्ये सिव्हिल किंवा मेकॅनिकल हा विषयच नाही. आपल्यासाठी गेट. गेट झालेल्याला मुलाखतीवर प्रवेश देता येतो. म्हणून थर्ड इयरपासून गेटकडे फक्त नोकरीचा पास म्हणून बघू नका.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे गाईड. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्या सरांचं नाव सगळे घेतात त्यांच्याकडे जागा नसते, आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना तुमच्या नहरीत रस नसतो. मग होतं काय, मुलगा जागेच्या मागे जातो आणि विषय गाईडचा होतो. साध्या पीएच.डी.त हे खपतं. आपल्या प्रकारात नाही, कारण तिथे दोन माणसं पटवायची असतात आणि दोघांनी एकमेकांना पटवून घ्यायचं असतं.

दोन शाखांची माणसं जमली की काय होऊ शकतं याचं आपल्याच गावातलं उदाहरण आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे, म्हणजे कॅनाबिसचे, अंश आहेत हे दाखवणारा लेख २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. लिहिणारे दोघे: पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई. गिलावा टिकण्यात आणि किडे दूर राहण्यात या तंतूंचा हात असावा, असा त्यांचा निष्कर्ष. एकट्या रसायनवाल्याला तो तंतू कुठल्या झाडाचा हे सांगता आलं नसतं, आणि एकट्या वनस्पतीवाल्याच्या हातात तो गिलावा पडला नसता. पण लक्षात घ्या, इथे दोघे आपापल्या विषयात आधीच पक्के होते. पीएच.डी.त ही दोन्ही माणसं तुम्हा एकट्यालाच व्हावं लागतं, आणि तेसुद्धा घड्याळ लावून.

घड्याळ असं. प्रवेशाच्या तारखेपासून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. यात कोर्सवर्कही धरलेलं आहे. पुढे पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. मुलींना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत, म्हणजे एकूण १० पर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा. (हे हॉस्टेलमधल्या मुलींनी घरी जरूर दाखवावं. 'लग्नाचं वय निघून जाईल' या वाक्याला निदान एक सरकारी उत्तर आहे.) पण पैशाचं घड्याळ वेगळं चालतं. जेआरएफ दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये, हे १ जानेवारी २०२३ पासूनचे दर. मिळून मुदत पाचच वर्षांची. सहावं वर्ष आपल्या खिशातून. आणि आंतरविद्याशाखीय काम हमखास सहाव्या वर्षात जातं, कारण पहिलं वर्ष तर दुसऱ्या विषयाची भाषा शिकण्यातच सरतं.

कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हे आलंच, आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. बहुतेक मुलं ही कटकट म्हणून उरकतात. मी तर म्हणेन, आपल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला अख्ख्या पीएच.डी.त दुसऱ्या विभागाच्या बाकावर अधिकृतपणे बसायची हीच एक संधी असते. उरलेली क्रेडिट्स आपल्याच विभागातल्या सोप्या पेपरांत घालवू नका. गाईडला विचारून, समितीची परवानगी काढून, समोरच्या इमारतीत जा.

याच वर्षात आराखडा विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे मांडायचा असतो, ज्याला सगळे आरआरसी म्हणतात. शीर्षक इथे पक्कं होतं. त्यानंतर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची. आयआयटी मुंबईचे नियम स्वतःचे आहेत. तिथे क्वालिफायर असते आणि दरवर्षी प्रगती सेमिनार. तिथल्या मुलांच्या तोंडी तो 'एपीएस'. पण तिथे दुहेरी विषयांना स्वतंत्र घरं आहेत. ग्रामीण तंत्रज्ञानासाठीचं 'सितारा' केंद्र १९८५ पासूनचं, आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यामुळे समितीत बसणाऱ्यांना 'हा आमचा विषयच नाही' म्हणायची सवय नसते. आपल्याकडे ती असते. म्हणून आपल्या समितीत दुसऱ्या शाखेचा निदान एक माणूस पहिल्या दिवसापासून असेल असं बघा.

आता माझे चौदा महिने. माझा विषय भूजल आणि पीकपद्धती. नोंदणी सिव्हिलमध्ये, एका विद्यापीठात, नाव नको. शेतीच्या अर्थशास्त्राचे एक सर मदत करत होते, अगदी मनापासून. प्रश्नावली त्यांनी तपासली, गावांत बरोबर आले, बांधावर बसून भाकरी खाल्ली. मी त्यांना सह-मार्गदर्शकच समजत होतो. मात्र तसं पत्र कधी निघालंच नाही, मीही कधी मागितलं नाही. सबमिशनपूर्व सादरीकरणात एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "प्रकरण चार आणि पाच कोणाच्या मार्गदर्शनाखाली झाली?" फाइल उघडली. फाइलमध्ये काही नव्हतं. तोवर सर निवृत्त होऊन गावी गेले होते. दोन्ही प्रकरणं काढून पुन्हा बांधणी करण्यात चौदा महिने गेले. फेलोशिप आधीच संपली होती. घरून फोन आला की वडील फक्त "झालं का?" एवढंच विचारायचे. माझा राग त्या सदस्यांवर होता, बरीच वर्षं होता. आज त्या समितीत मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

प्रबंध द्यायच्या आधी साहित्यचौर्याची तपासणी होते. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. प्रकाशनाचा नियम मात्र बदलला आहे. २०१६ च्या विनियमांत एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ मध्ये ती सक्ती काढली. तरी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचल्याशिवाय खूश होऊ नका.

मग प्रबंध जातो निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे. एकानं नापसंत केला तर तिसऱ्याकडे, आणि त्यानंही नापसंत केला तर संपलं. नहरीचा प्रबंध दोन्ही हायड्रॉलिक्सवाल्यांकडे गेला तर कागदपत्रांची प्रकरणं त्यांना पाल्हाळ वाटतील. दोन्ही इतिहासकारांकडे गेला तर ते आलेखांची पानं उलटून पुढे जातील. परीक्षकांची यादी गाईड सुचवतात. त्या वेळी तुमच्या कामाच्या दोन्ही बाजू त्यांच्या डोळ्यासमोर असायला हव्यात, आणि हे जमायचं असेल तर सह-मार्गदर्शकाचं नाव फाइलीत हवं. फिरून फिरून तिथेच येतो मी, पण इलाज नाही. तोंडी परीक्षा धरून हे सगळं सबमिशनपासून सहा महिन्यांत उरकावं असं विनियम म्हणतात. पुढे प्रबंधाची प्रत शोधगंगेवर चढते, कोणालाही वाचता येते.

स्टाफरूममधल्या पार्ट-टाइमवाल्यांसाठी दोन ओळी. पार्ट-टाइमला आता नियमात जागा आहे, मात्र मालकाची एनओसी लागते. अभ्यासाला पुरेसा वेळ देऊ, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नुसतं 'हरकत नाही' चालत नाही.

आणि नोकरी? मेसच्या रांगेतला मूळ प्रश्न खरं तर हाच होता, त्यानं तो नहरीत गुंडाळून विचारला. अधिसूचनेवर एकच विषय छापला जातो. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई. संबंधित शाखेतली लागते. इतिहासात नोंदणी केली तर सिव्हिलची मुलाखत घेणारे भुवया उंचावणार, आणि इतिहासवाले विचारणार की एम.ए. कुठंय? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या विषयात मास्टर्स त्यातच नोंदणी, आणि दुसरा विषय सह-मार्गदर्शक, कोर्सवर्क आणि परीक्षक या तीन वाटांनी आत आणायचा. कुणाला हे भित्रं वाटेल. वाटू दे.

हे सगळं मी त्या मुलाला एका बैठकीत सांगितलं. वरण गार झालं. रविवारी तो पाणचक्कीवर जाऊन आला, सोमवारी विद्यापीठात इतिहास विभागात चौकशी करून आला. काल रात्री खोलीवर आला तेव्हा वहीत दोन नावं होती, दोन्हींपुढे रिकाम्या जागांचा आकडा आणि निवृत्तीचं साल लिहिलेलं. खाली एक ओळ होती: फारसी शिकायला किती दिवस लागतात?

मी म्हटलं, ते कोर्सवर्कमध्ये बसतं का, आधी ते विचारून ये.