हवाई वाहतूक प्रवाह व्यवस्थापनातील मानवी घटक : एक विवेचन

प्रस्तावना :
विमानाचा मार्ग व वेळ ठरविण्यात दोन यंत्रणांचा सहभाग असतो. विमान कंपनीचा डिस्पॅचर इंधन, वैमानिकांचे कामाचे तास व प्रवाशांची पुढील विमाने यांचा विचार करतो; हवाई वाहतूक नियंत्रकासमोर आकाशातील व धावपट्टीवरील गर्दी असते. दोघांची माहिती परस्परपूरक असली तरी उद्दिष्टे एकच नसतात. या समन्वयातील मानवी घटकांचे स्वरूप अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :
सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या समांतर धावपट्ट्यांच्या जोडीत केवळ ७५० फुटांचे अंतर आहे. ढग खाली उतरले की दोन विमाने शेजारीशेजारी उतरविता येत नाहीत व ताशी क्षमता सुमारे ६० वरून ३० वर येते. अशा वेळी विमानांना प्रस्थानाच्या विमानतळावरच रोखून धरले जाते. पूर्वी उतरण्याच्या वेळा कंपनीने कळविलेल्या ताज्या अंदाजावरून वाटल्या जात. बिघाडामुळे विमान तासभर उशिरा निघेल असे कंपनीने प्रामाणिकपणे कळविल्यास त्या विमानाच्या वाट्याला उशिरावर उशीर येई. रद्द केलेल्या उड्डाणाची वेळही कंपनीच्या हातून जाई. परिणामी कंपन्या माहिती कळविण्याचे टाळीत, राखून ठेवलेल्या वेळा वाया जात आणि नियंत्रकांचे अंदाज चुकत.

उपाययोजना :
जानेवारी १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व न्यूअर्क येथे 'सहयोगी निर्णयप्रक्रिये'चा प्रयोग सुरू झाला. त्यात वेळांचे वाटप मूळ वेळापत्रकानुसार होऊ लागले. रद्द उड्डाणाची वेळ त्याच कंपनीकडे राहू लागली. ती वापरता न आल्यास इतर विमाने पुढे सरकवून त्या बदल्यात कंपनीला सोयीची नंतरची वेळ देण्यात येऊ लागली. खरी माहिती देण्यात तोटा उरला नाही. २००० पासून दर दोन तासांनी होणाऱ्या दूरध्वनी बैठकांमुळे दोन्ही पक्षांना एकमेकांच्या अडचणी समजू लागल्या.

निष्कर्ष :
मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे तेथेही उतरण्याची प्रत्येक वेळ मोलाची ठरते. संगणक वेळांची मांडणी करू शकतो. परंतु त्यास पुरविलेली माहिती खरी असेल की नाही, हे माणसांच्या परस्परविश्वासावर आणि तो विश्वास जपणाऱ्या न्याय्य नियमांवर अवलंबून असते. म्हणून समन्वयाचा विचार करताना तंत्रज्ञानाइतकेच महत्त्व नियमांच्या रचनेस देणे आवश्यक आहे.