बाह्यवळण मार्गाची दर्जोन्नती : संकल्पना, निकष आणि पुण्याच्या पश्चिम बाह्यवळण मार्गाचा अनुभव

सारांश : वाढत्या वाहतुकीमुळे शहराबाहेरील बाह्यवळण मार्ग चौपदरी, सहापदरी अथवा द्रुतगती मार्गाच्या दर्जाचे करण्याची मागणी सर्वत्र होताना दिसते. अशा दर्जोन्नतीचा विचार बहुधा पदरांच्या संख्येपुरता मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात दर्जोन्नतीचे तांत्रिक निकष स्पष्ट करून ब्रिटनमधील व पुण्यातील अनुभवांचा परामर्श घेतला आहे. स्थानिक वाहतुकीसाठी स्वतंत्र व सलग रस्ता उपलब्ध करून दिल्याखेरीज कोणतीही दर्जोन्नती पूर्ण होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बाह्यवळण मार्ग, प्रवेशनियंत्रण, सेवा रस्ता, रस्ता सुरक्षा, नगरविस्तार.

१. प्रस्तावना

लांब पल्ल्याची वाहतूक शहराच्या मध्यवस्तीतून न नेता बाहेरून वळविण्यासाठी जो रस्ता बांधला जातो, त्यास बाह्यवळण मार्ग असे म्हणतात. आरंभी हा रस्ता शेतजमिनीतून जातो. वाहतूक सुलभ होते, त्यामुळे लगतच्या जमिनीचे मोल वाढते. मोल वाढल्याने वस्ती येते. आणि वस्ती आल्यावर मूळच्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीत गावातल्या गावात होणारी ये-जा मिसळते. अशा रीतीने शहराला वळसा घालणारा रस्ता काही दशकांत शहराच्या पोटात येतो. या टप्प्यावर त्याची दर्जोन्नती करण्याचा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न स्थापत्य अभियांत्रिकीइतकाच नगररचना, भूगोल, अर्थशास्त्र व विधी या विषयांच्या अभ्यासकांचाही आहे.

२. दर्जोन्नतीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे दुपदरी रस्त्याचे दुभाजकयुक्त चौपदरी रस्त्यात रूपांतर. दुपदरी रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहतुकीचा पदर वापरावा लागतो. त्यामुळे मंद वाहनामागे रांग साचते आणि समोरासमोर टक्कर होण्याचा धोका कायम राहतो. दुभाजकामुळे या दोन्ही अडचणी बव्हंशी दूर होतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्याची संकल्पित क्षमता दररोज १५,००० प्रवासी मोटार एकके, तर चौपदरी रस्त्याची ३५,००० एकके धरली जाते. पदर दुप्पट झाले असता क्षमता दुपटीहून अधिक वाढते, याचे कारण उपरोक्त ओलांडण्याच्या क्रियेत आहे.

दुसरी पायरी चौक नाहीसे करण्याची आहे. आडवे येणारे रस्ते उड्डाणपुलावरून अथवा भुयारी मार्गातून नेले जातात आणि मुख्य प्रवाह कोठेही थांबत नाही.

तिसरी पायरी द्रुतगती मार्गाची. येथे ठराविक ठिकाणांखेरीज रस्त्यावर येता किंवा रस्त्यावरून उतरता येत नाही. पादचारी, सायकली, दुचाकी, तीनचाकी व बैलगाडी यांना मज्जाव असतो. लगतच्या दुकानाचे, पेट्रोल पंपाचे वा गृहसंकुलाचे दार थेट रस्त्यावर उघडत नाही. यालाच प्रवेशनियंत्रण म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्या बांधकामाने साध्य होतात. तिसरीसाठी बांधकामाबरोबरच कायदा, त्याची अंमलबजावणी आणि वगळलेल्या वाहनांसाठी पर्यायी रस्ता, या तिन्हींची आवश्यकता असते.

३. वेग आणि भूमिती

जुन्या रस्त्याला केवळ पदर जोडून तो द्रुतगती होत नाही, हे भूमितीवरून स्पष्ट होते. वळणाची किमान त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्याकडील प्रचलित निकषांनुसार ताशी ८० किलोमीटर वेगासाठी किमान २३० मीटर, तर १०० किलोमीटर वेगासाठी ३६० मीटर त्रिज्या लागते. म्हणजेच वेग चतुर्थांशाने वाढवावयाचा असल्यास त्रिज्या दीडपटीहून अधिक करावी लागते, आणि त्यासाठी अनेकदा नव्याने भूसंपादन करावे लागते.

थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनासाठी हे अंतर १२० मीटर, तर १०० किलोमीटर वेगासाठी १८० मीटर धरले जाते. दुसऱ्या उदाहरणात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या अडीच सेकंदांतच वाहन सुमारे ७० मीटर पुढे गेलेले असते. उतारावर हे अंतर आणखी वाढते. रस्ता ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा बाजूच्या गल्लीतून अचानक आलेल्या दुचाकीस्वाराला एवढे अंतर मिळण्याची शक्यता नसते. म्हणून वेग वाढविणे आणि स्थानिक वाहतूक त्याच रस्त्यावर राहू देणे, ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी ठरतात.

४. ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमधील पहिला द्रुतगती मार्ग हा मुळात एका शहराचा बाह्यवळण मार्गच होता. ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या हस्ते प्रेस्टन शहराचा सुमारे १३ किलोमीटर लांबीचा बाह्यवळण मार्ग खुला झाला. आरंभी दोन्ही दिशांना प्रत्येकी दोन पदर होते. परंतु मध्यभागी तिसऱ्या पदरासाठी जागा राखून ठेवली होती. ती १९६६ मध्ये उपयोगात आणली गेली. या मार्गाला कायदेशीर आधार होता तो १९४९ च्या विशेष रस्ते कायद्याचा. विशिष्ट वाहनांसाठीच राखीव रस्ते बांधण्याची तरतूद या कायद्याने केली होती. त्याही आधी, १९३५ मध्ये, रस्त्याच्या दुतर्फा फितीसारख्या पसरणाऱ्या वस्तीस आळा घालणारा कायदा तेथे संमत झाला होता.

उत्तर इंग्लंडमधील ए-१ हा रस्ता विद्यमान दुहेरी मार्गाच्या दर्जोन्नतीचे उदाहरण आहे. कॅटरिक व लीमिंग या गावांचे बाह्यवळण १९५९ ते १९६१ या काळात दुभाजकयुक्त रस्ते म्हणून बांधले गेले होते. पुढे लीमिंग ते बार्टन या टप्प्याचे तीन पदरी द्रुतगती मार्गात रूपांतर २०१८ मध्ये पूर्ण झाले. या कामात मुख्य मार्गाबरोबरच समांतर स्थानिक रस्ता बांधण्यात आला, ही बाब येथे महत्त्वाची आहे. ट्रॅक्टर, सायकलस्वार आणि गावोगावची ये-जा यांना मुख्य मार्गावरून वगळावयाचे तर त्यांनी कोठून जावे, याचे उत्तर आराखड्यातच दिलेले होते.

५. पुण्याचा पश्चिम बाह्यवळण मार्ग

जुना मुंबई-बंगळूर महामार्ग पिंपरी-चिंचवड, शिवाजीनगर व स्वारगेट या भागांतून कात्रजकडे जात असे. ही वाहतूक शहराच्या पश्चिमेकडून वळविण्यासाठी देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग बांधण्यात आला. आरंभी दुपदरी असलेला हा मार्ग सुवर्ण चतुष्कोण योजनेत चौपदरी झाला. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर सहापदरी, प्रवेशनियंत्रित मार्गावरील वाहतूक या बाह्यवळणावर येऊन मिळू लागली. पुणे-सातारा टप्प्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले. ते २०१३ पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते त्यानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळले.

याच काळात रस्त्याभोवतीचा भूगोल पालटला. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र, वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे व आंबेगाव येथील वसाहती आणि शैक्षणिक संकुले या मार्गालगत उभी राहिली. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. घरापासून महाविद्यालयापर्यंत अथवा कार्यालयापर्यंत दुचाकीवरून जाणाऱ्यांचा तो रोजचा रस्ता बनला. सेवा रस्ते मात्र अनेक ठिकाणी खंडित राहिले. सेवा रस्ता संपतो तेथे दुचाकीस्वाराला मुख्य मार्गावर यावेच लागते, आणि अवजड मालमोटारी व स्थानिक वाहने एकाच प्रवाहात मिसळतात.

नवले पूल परिसर हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. नवीन कात्रज बोगद्यापासून पुलाकडे येताना दीर्घ उतार आहे. इंधन वाचविण्यासाठी काही चालक वाहन गिअरमधून काढून उतरतात. ब्रेकवर अतिरिक्त ताण येऊन ते निकामी होण्याचा धोका वाढतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी उतारावरून आलेल्या मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात झालेल्या अपघातात वाहनांना आग लागून किमान सात जणांना प्राण गमवावे लागले. अशा अपघातांनंतर येथील वेगमर्यादा कमी करण्यात आली. ज्या रस्त्याची दर्जोन्नती वेगासाठी केली, त्याच रस्त्यावर वेग आवरावा लागतो, यातच नियोजनातील विसंगती दिसून येते.

चांदणी चौकात दुसऱ्या पायरीचे काम झाले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथील जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला व १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बहुस्तरीय मार्गाचे उद्घाटन झाले. मोटारींची कोंडी सोडविण्याच्या दृष्टीने हे काम मोठेच होते. तथापि पादचाऱ्यांनी चौक कसा ओलांडावा, हा प्रश्न उद्घाटनानंतरही चर्चेत राहिला.

६. कायदा आहे, अंमल अपुरा

आपल्याकडे याविषयी कायदे नाहीत असे नाही. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमाच्या उद्देशातच महामार्गालगतच्या फितीसारख्या विकासावर निर्बंध घालण्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील अतिक्रमण व प्रवेश यांच्या नियंत्रणासाठी २००२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदाही आहे. तथापि महामार्ग एका यंत्रणेकडे, लगतच्या जमिनीवरील बांधकाम परवानगी दुसरीकडे आणि वाहतूक नियमन तिसरीकडे, अशी विभागणी असल्याने प्रवेशनियंत्रणाची जबाबदारी विखुरली जाते.

याखेरीज रुंदीकरणाने वाहतूक स्वतःच वाढते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ब्रिटिश शासनाच्या सल्लागार समितीने १९९४ च्या अहवालात ही गोष्ट मान्य केली होती. क्षमतेच्या मर्यादेपर्यंत पोहोचलेल्या रस्त्यांवर हा परिणाम विशेष जाणवतो. सार्वजनिक वाहतुकीची जोड नसलेले रुंदीकरण म्हणूनच अल्पकाळ टिकणारा दिलासा ठरते.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) दर्जोन्नतीचा खरा निकष प्रवेशनियंत्रण हा असून पदरांची संख्या हे त्याचे एक अंग आहे. (२) दोन्ही बाजूंचे सलग सेवा रस्ते, भुयारी मार्ग व पादचारी पूल मुख्य मार्गाच्या रुंदीकरणाआधी, निदान त्याच्याबरोबर पूर्ण व्हावेत. (३) दीर्घ उताराच्या ठिकाणी पदर वाढविण्यापूर्वी उताराची व वळणांची फेररचना तपासावी. (४) महामार्ग यंत्रणा व नियोजन प्राधिकरण यांनी लगतच्या जमिनीच्या वापराचा संयुक्त आराखडा करावा.

पुण्याभोवतीच्या नव्या वर्तुळाकार रस्त्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. त्यालगतच्या जमिनी अद्याप बहुतांशी मोकळ्या आहेत. पश्चिम बाह्यवळण मार्गावर जे आज अतिशय खर्चिक झाले आहे, ते तेथे आताच करणे शक्य आहे. सेवा रस्त्यासाठी जागा राखणे आणि रस्त्यावर उघडणारी दारे सुरुवातीपासून रोखणे, एवढे जरी साधले, तरी पुढील पिढीला हा रस्ता पुन्हा एकदा मोठ्या किमतीने सुधारावा लागणार नाही.