न दुखणाऱ्या पायाची ऊब

तुकोबांची पालखी हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघते, तेव्हा पुण्यालगतच्या मांजरी गावाच्या शिवेवरून हजारो पावलं जातात. त्यांतल्या काहींना पायाखालचा रस्ता जाणवतच नाही. मधुमेहाने नसा बधीर केल्या की तळव्यात खडा रुतला तरी कळत नाही, चप्पल वाटेत निसटली तरी माणूस चालत राहतो. जखम होते ती अशी, चाहूल न देता. आणि भरत नाही, कारण दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही. पुढचं प्रत्येक पाऊल त्याच जागी पडतं.

ही गोष्ट जगाला पटवून दिली डॉ. पॉल ब्रँड यांनी. १९१४ साली तमिळनाडूत जन्मलेले ब्रँड पुढे वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत. कुष्ठरोगात हातपाय आपोआप झडतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँडना दिसलं ते वेगळंच: मधुमेहात होतं तसंच इथेही वेदना गेल्यामुळे माणूस स्वतःचा पाय नकळत झिजवत होता. शिवाय कातडी फुटण्याआधी ती जागा तापते, हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरलं. चिरडल्या गेलेल्या पेशींकडे रक्त धावतं, दाह सुरू होतो. मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही, पण कातडीवर ऊब उमटते.

रुग्ण दवाखान्यात न येता दुरून त्याचा पाय पाहणारं आजचं बरंच तंत्र या उबेवर उभं आहे. दोन्ही तळव्यांची तीच तीच जागा मोजायची; फरक सुमारे २.२ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि सलग टिकला, की धोका. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की तुलना माणसाच्या स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी होते. मांजरीत मे महिना असो की डिसेंबरची पहाट, हवेचा परिणाम दोन्ही पायांवर सारखाच. आणि सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, पण उबेला रंग नसतो.

अमेरिकेत तापमान मोजणारी चटई तयार झाली. रोज काही क्षण तिच्यावर उभं राहायचं, आकडे आपोआप दवाखान्यात पोहोचतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने पुढे झालेल्या शंभरातल्या ९७ जखमांची सूचना सरासरी ३७ दिवस आधी दिली. महिन्याहून अधिक! अर्थात ज्यांना जखम झालीच नाही अशा अनेकांनाही इशारा गेला. तरी पाय गमावण्यापेक्षा चार दिवस फुकट विश्रांती बरी, असं मी म्हणेन.

जखम झाल्यावर मात्र फोटो उपयोगी पडतो. शेजारी मोजपट्टी, दर वेळी तोच उजेड, तेच अंतर. लाल दाणेदार मांस म्हणजे भरत चाललंय, पिवळट थर साफ करायला हवा, काळं पडलं तर तातडीने दवाखाना. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर बारा आठवड्यांत ती भरण्याची शक्यता कमी. म्हणजे उपचार बदलण्याची वेळ झाली. फोनवरच्या फोटोंच्या रांगेतून हे घरबसल्या कळू शकतं. आपल्याकडे मार्च २०२०पासून दूरस्थ सल्ल्याची अधिकृत नियमावलीही आहे.

पण फोटोला वास येत नाही. पायाची नाडी लागते का, जखम हाडापर्यंत गेली आहे का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. डेन्मार्कमधल्या २०१५च्या चाचणीत दुरून देखरेख केलेल्यांच्या जखमा नेहमीच्या उपचारांइतक्याच भरल्या, मात्र त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि त्याचं कारण संशोधकांना सांगता आलं नाही. नॉर्वेत २०१८ साली चित्र उलटं दिसलं: जखमा भरायला वेळ तितकाच लागला, पाय किंवा बोटं कापण्याचं प्रमाण मात्र कमी झालं, आणि मृत्यू वाढले नाहीत. तिथे फोटो पाठवणारी होती घराजवळची परिचारिका. ती ड्रेसिंग सोडायची, स्वतःच्या डोळ्यांनी जखम पाहायची, मग इस्पितळातल्या तज्ज्ञांना विचारायची.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. इथल्या उसाच्या बांधावर किंवा नव्या सोसायटीत ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरच्या हाती मोजपट्टी, फोन आणि कातडीचं तापमान मोजणारा साधा थर्मामीटर द्यायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. तिच्या फोटोला त्याच दिवशी उत्तर देणारा डॉक्टर मात्र लागेल.